हरिकेन, स्पिटफायर आणि हायाबुसा

१४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. गिरगावातील खोताच्या वाडीची लाकडी घरे तेथून जेमतेम तीन किलोमीटरवर. सारे शहरच त्या धक्क्याने हादरले. जहाजावरील दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा यांच्या कथा मुंबईकरांना पाठ आहेत. त्याच सफरीत या जहाजाने इंग्लंडहून स्पिटफायर विमानेही आणली होती, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. ब्रह्मदेशच्या आघाडीवर तेव्हा या विमानांची निकड होती.

त्याआधी तेथील मुख्य भार हरिकेनवर होता. हरिकेनने पहिले उड्डाण नोव्हेंबर १९३५ मध्ये केले, स्पिटफायरने मार्च १९३६ मध्ये. दोहोंना इंजिन रोल्स-रॉइसचे मर्लिनच; फरक बांधणीचा. हरिकेनचा मागील सांगाडा धातूच्या नळ्यांचा व वरून कापडाने मढवलेला. गोळ्या आरपार गेल्या तरी आघाडीवरच डागडुजी होई. चाके एकमेकांपासून दूर असल्याने खडबडीत धावपट्टीवरही ते सहज उतरे. स्पिटफायर पूर्ण धातूचे, पातळ पंखांचे आणि अधिक वेगवान. पण त्याची चाके जवळजवळ असल्याने जमिनीवर ते नाजूकच.

समोर होते जपानी भूदलाचे नाकाजिमा हायाबुसा. दोस्तांचे वैमानिक त्याला सर्रास ‘झीरो’ म्हणत. खरे झीरो जपानी नौदलाचे. हायाबुसा वजनाने हलके, लांब पल्ल्याचे आणि विलक्षण चपळ. गिरकी घेण्यात त्याच्याशी स्पर्धा करणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण. मात्र त्याच्यावर मशिनगन दोनच आणि संरक्षक कवच तुटपुंजे. हरिकेनला त्याचा लाभ घेता येईना, कारण उंची गाठण्यातच त्याचा वेळ जाई. स्पिटफायरची आठवी आवृत्ती ताशी सुमारे ६५० किलोमीटर वेगाने उडे, हायाबुसा सुमारे ५३०. वरून झेपावायचे, मारा करायचा आणि पुन्हा वर निघून जायचे, हे तंत्र त्यामुळे शक्य झाले.

तरीही केवळ वेगाच्या आकड्यांवरून लावलेली क्रमवारी दिशाभूल करते. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय पहिल्या स्क्वाड्रनने हरिकेनमधूनच शत्रूची टेहळणी केली. झाडांच्या शेंड्यांलगत उडून वाटा, पूल आणि छावण्या हेरायच्या असतील तर मार खाऊनही परतणारे विमान हवे. अर्थात वरचे आकाश स्पिटफायरने राखले नसते, तर हे काम फार महागात पडले असते.

भारतीय हवाई दलाच्या आठव्या स्क्वाड्रनला १९४४ मध्ये स्पिटफायर मिळाली. पुढे १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात तीच विमाने, अधिक शक्तिशाली टेम्पेस्टच्या जोडीने, टोळीवाल्यांवर हल्ले करत होती. ब्रह्मदेशच्या मोहिमेत उडालेले मुंबईचे हृषीकेश मुळगावकर यांना या युद्धातील कामगिरीबद्दल महावीरचक्र मिळाले; १९७६ मध्ये ते हवाई दलप्रमुख झाले.