गळलेल्या पानांचं कूळ

‘ले फेय मॉर्त’, म्हणजे ‘गळलेली पानं’. विरहाचं हे फ्रेंच गाणं ऐकताना शब्द आणि सूर एकाच वेळी सुचले असावेत असं वाटतं. प्रत्यक्षात चाल आधी आली, आणि ती गाण्यासाठी नव्हतीच. जून १९४५मध्ये पॅरिसच्या सारा बर्नार थिएटरात रोलाँ पेतीचा ‘ल राँदेव्हू’ हा बॅले झाला. त्यातल्या युगुलनृत्यासाठी जोझेफ कोस्मानं ही धून बांधली. कथा कवी झाक प्रेव्हेरची : तरुणाची नियतीशी गाठ पडते, मग जगातली सर्वांत सुंदर मुलगी भेटते आणि वस्तऱ्यानं त्याचा गळा चिरते.

कोस्मा बुडापेस्टचा ज्यू, १९३३मध्ये पॅरिसला आलेला. जर्मन ताब्याच्या काळात त्याला काम करायला बंदी होती. दक्षिण फ्रान्समध्ये राहून तो सिनेमांना संगीत देई आणि पडद्यावर नाव दुसऱ्याचं लागे. चालीतली उदासी त्या वर्षांतून आली असं म्हणण्याचा मोह होतो, पण मला ती बांधणीतच दिसते. सूर तीन पायऱ्या चढतो, चौथ्यावर झेप घेऊन थांबतो. पुढची ओळ पुन्हा तशीच चढते, मात्र सुरुवात एक पायरी खालून. मग आणखी एक पायरी खालून. प्रत्येक उभारी आधीच्यापेक्षा थोडी कमी पडते. आठवण काढणाऱ्याचं मन असंच चालतं.

शब्द आले ते मार्सेल कार्नेच्या ‘ले पोर्त द ला न्वी’ या सिनेमासाठी. शब्द प्रेव्हेरचे, पटकथाही त्याचीच. जाँ गाबँ आणि मार्लेन डिट्रिश यांनी अंग काढून घेतल्यावर नायकाची भूमिका तरुण ईव्ह मोंताँकडे आली. डिसेंबर १९४६मध्ये आलेला सिनेमा पडला. युद्धकाळातली फितुरी आणि काळाबाजार ताजा असताना ते पडद्यावर बघायची कुणाची तयारी नव्हती. तिथे गाणंही पूर्ण नव्हतं, तुकड्यातुकड्यांनी गुणगुणलेलं होतं.

ते जगलं ते गायकांच्या गळ्यात. कोरा व्होकेर, ज्युलिएत ग्रेको आणि सर्वांत ठळक मोंताँ. लांबलचक प्रास्ताविक कडवं तो जवळजवळ बोलतो आणि ध्रुवपदापाशी गायला लागतो. त्या बोलण्यात जुनं सुख तपशिलानं सांगून झालेलं असतं, म्हणून पुढचं गाणं एवढं लागतं. जॉनी मर्सरच्या इंग्रजी अवतारात फक्त ध्रुवपद उरलं. जॅझवाल्यांना तेवढं पुरलं. १९५५मध्ये रॉजर विल्यम्सच्या शब्दांविना पियानोवादनानं अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला. माझ्या मते मात्र त्या कडव्याशिवाय गाणं अर्धंच राहतं.

१९६१मध्ये सर्ज गँझबूरनं ‘ला शाँसाँ द प्रेव्हेर’ रचलं. त्यातल्या माणसाला प्रत्येक वेळी हेच गाणं ऐकून गेलेली प्रेयसी आठवते. परवानगी मागायला गँझबूर स्वतः प्रेव्हेरकडे गेला होता, आणि प्रेव्हेरनं ती दिली.