परक्या वाद्यांतील आपला सूर

शाळामास्तराला दुसऱ्यांच्या चुका काढण्याची संवय असते. आज मला स्वतःचीच एक चूक सांगावयाची आहे. तिचा संबंध मुंबईच्या एका वाद्यवृंदाशीं व त्याच्या १९९५ सालच्या ध्वनिफितीशीं आहे.

आमचें सास्तूर गांव धाराशिव जिल्ह्यांत. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास, गणपति विसर्जन करून दमलेलीं माणसें गाढ झोपेंत असतां, भूकंप झाला आणि दगडमातीच्या घरांचे ढिगारे झाले. पुढें शाळा पत्र्याच्या शेडमध्यें भरूं लागली. तेथें दोन-तीन वर्षांनीं एका मुलानें एक कॅसेट आणली. मुंबईस नोकरी करणाऱ्या थोरल्या भावानें ती पाठविली होती. त्या घरांत ते दोघे भाऊच उरले होते. वेष्टनावर ‘इंडस क्रीड’ हें नांव होतें. मीं ती न ऐकतांच परत केली व म्हणालों, “गांवावर असा प्रसंग गुदरला असतां हा परदेशी गोंगाट कशाला?” मुलगा कांहीं बोलला नाहीं.

या मंडळींचा इतिहास मला फार उशिरां कळला. १९८४ मध्यें मुंबईंत ‘रॉक मशीन’ नांवाचा वृंद उभा राहिला. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर, बास-गिटारवर मार्क सेल्विन, सिंथेसायझरवर झुबिन बालापोरिया, हे त्यांतील प्रमुख. त्या काळीं आपल्याकडील असे वृंद बहुधा विलायती वृंदांचींच गाणीं वाजवीत. श्रोत्यांची मागणीही तीच असे. हेही प्रथम त्याच वाटेनें गेले. परंतु १९८८ मध्यें त्यांनीं ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ ही स्वतः रचलेल्या गाण्यांची ध्वनिफीत काढली व १९९० मध्यें दुसरी. मग १९९३ मध्यें, चांगला लौकिक झाला असतां, त्यांनीं जुनें नांव टाकलें. यंत्राच्या जागीं सिंधु नदीचें नांव आलें. त्याच वर्षीं त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’ या गीताच्या चित्रफितीस एमटीव्हीचें आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचें पारितोषिक मिळालें. नव्या नांवाची ध्वनिफीत निघाली १९९५ मध्यें. दोन वर्षांनीं वृंद मोडला. २०१० मध्यें पुन्हां जमला व २०१२ मध्यें त्यानें ‘इव्हॉल्व्ह’ ही नवी ध्वनिमुद्रिका काढली.

कोणी म्हणेल, भाषा इंग्रजी, वाद्यें विलायती. यांत आपलें काय? माझाही आक्षेप हाच होता. पण आमच्या भजनांतली पेटी तरी कोठली? हार्मोनियमचें पेटंट १८४२ मध्यें पॅरिसला घेतलें गेलें. आपल्या श्रुति तींतून निघत नाहींत म्हणून १९४० मध्यें ऑल इंडिया रेडिओनें तिला बंदी केली आणि ती सुमारें तीस वर्षें टिकली. तरी पेटीवांचून आपलें नाट्यसंगीत कल्पवत नाहीं! वाजविणाऱ्यानें आपलें मन त्या वाद्यांत ओतलें कीं तें वाद्य त्याचें झालें. उसनीं गाणीं सोडून त्या मुंबईच्या तरुणांनीं हेंच केलें होतें.

गेल्या वर्षीं नातवाच्या फोनवर मीं ती ध्वनिफीत ऐकली. सर्वच रुचलें असें नाहीं. ड्रमचा दणका माझ्या कानांस अजून जड जातो. मग त्या विद्यार्थ्याकडे गेलों. तो आतां संसारी गृहस्थ आहे. त्या वेळीं त्यांत काय ऐकत होतास, असें मीं विचारलें. तो म्हणाला, “गुरुजी, शेडमध्यें रात्रीं फार शांत वाटे. घरांत पूर्वीं सात माणसांचा आवाज होता. मला आवाज हवा होता, आणि तो भावानें पाठविला होता.”

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. घरांतील मुलें जें ऐकतात तें एकदां त्यांच्या शेजारीं बसून ऐकावें आणि मग काय तें मत द्यावें, एवढीच माझी आपणांस विनंति आहे.