साकव



साकव हा शब्द देशावरच्या माळकऱ्याने कदाचित ऐकला असेल. आम्हा कोकणातल्यांना तो पायांनी ठाऊक आहे. माझ्या लहानपणी मालगुंडला रस्ते थोडे, पाऊलवाटा पुष्कळ. पावसाळ्यात वाट कुठल्या ना कुठल्या पऱ्यावर अडायचीच. म्हणून मृगाआधी वाडीतल्या घरटी एक माणूस जमायचा. माडाची दोन-तीन खोडं आडवी टाकायची, सुंभाने आवळायची, हाताला धरायला एका अंगाने बांबू. झाला साकव! गेल्या वर्षीचं खोड ठेवायचं की बदलायचं, हे म्हातारी माणसं त्यावर कोयत्याची पाठ आपटून, आवाज ऐकून सांगत. पुढे सिमेंटचे साकव आले. सोय झाली, नाकारत नाही. पण मृगाआधीची ती पाहणी गेली. साकव वाडीचा होता, तो सरकारचा झाला.

हे सारं मनात आलं ते इंद्रायणीमुळे. १५ जून २०२५, रविवार. मावळात कुंडमळा येथे, देहूच्या वरच्या अंगाला, इंद्रायणीवरचा पायी जाण्याचा लोखंडी पूल कोसळला. चार जीव गेले, पन्नासाहून अधिक जखमी झाले. पूल तीसेक वर्षांचा, गंजलेला. धोक्याचा फलकही होता. तरी पाणी बघायला आलेली शंभरावर माणसं एकाच वेळी त्यावर उभी. तीनच दिवसांनी देहूहून तुकोबारायांची पालखी निघाली, चौथ्या दिवशी आळंदीहून माऊलींची. प्रस्थानाआधी आपण ज्यात स्नान केलंत, ते पाणी त्याच पुलाखालून आलेलं.

कोकणाला हे दुःख नवं नाही. आमच्या शेजारच्या जयगडची मुंबईला निघालेली एसटी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीत गेली. तो पूल तर मोठा, दगडी, इंग्रजी अमदानीतला. वरून रोज हजारो गेले. खाली वाकून किती जणांनी पाहिलं असेल?

एकादशीला आमची दिंडी साकवाशी आली की वडीलधारे हात वर करीत. पुढे विणेकरी, मग एकामागून एक, मृदंग गळ्यात पण हात बांबूवर. भजन चालूच, टाळ मात्र थांबलेले. शेवटची म्हातारी पलीकडे उतरली की मगच पुन्हा पावली.