वायपरचे दांडे उतरवणे (जुन्या मोटारींचे)

मोटारीच्या पुढच्या काचेवरचे वायपरचे दांडे त्यांना फिरवणाऱ्या स्पिंडलवरून सुटे करण्याचे काम. नुसते ब्लेड बदलायचे असेल तर याची गरज पडत नाही. काच बदलताना, काचेखालच्या पत्र्याला रंग देताना, आतली मोटर किंवा जोडदांड्या दुरुस्त करताना दांडे उतरवावे लागतात. स्पिंडलभोवतीचे रबरी वॉशर कडक होऊन पावसाचे पाणी डॅशबोर्डात झिरपू लागले, तरी हीच पाळी येते.

जुन्या गाड्यांत बैठकीचे दोन मुख्य प्रकार आढळतात. मॉरिस मायनर, मिनी यांसारख्या ब्रिटिश गाड्यांच्या ल्यूकस (कंपनीच्या) पद्धतीत नट नसतो. दाते असलेल्या स्पिंडलवर दांडा नुसता दाबून बसवलेला असून आतली स्प्रिंगची क्लिप त्याला धरून ठेवते. पातळ पेचकसाने क्लिप उचलायची आणि दांडा सरळ ओढायचा. दुसरा प्रकार नटाचा. मारुती ८०० मध्ये तो दिसतो. प्लॅस्टिकच्या टोपीखाली नट असतो आणि तो दांड्याला निमुळत्या, दातेरी स्पिंडलवर घट्ट दाबून धरतो. त्यामुळे नट निघाला तरी दांडा सुटत नाही. खरी पकड निमुळत्या भागाची असते, आणि ती मोडायची तर जोर स्पिंडलच्या रेषेतच लागायला हवा.

त्यात गंजाची भर पडते. दांड्याचे बूड बहुधा ॲल्युमिनियम किंवा जस्ताच्या मिश्रधातूचे, स्पिंडल पोलादाचे. दोन धातूंमध्ये खारट ओल शिरली की मऊ धातू झिजून त्याची पांढरी भुकटी फटीत गच्च बसते. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत अशी बैठक सिमेंटने जोडल्यासारखी होते.

सुरुवातीला वायपर चालवून स्वतःच्या जागी थांबू द्यावा आणि काचेवर चिकटपट्टीने ब्लेडची रेषा आखून ठेवावी. काचेवर जाड कापडाची घडी हवीच, कारण स्प्रिंगच्या ताणाने आपटलेला दांडा काच फोडू शकतो. गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री सोडलेले उत्तम. नट पूर्ण न काढता दोन-तीन आटे सैल करावा. आटे वाचतात आणि दांडा उसळून अंगावर येत नाही. मग दांडा बिजागरीपाशी उभा करून बूड हलकेच डोलवावे. एवढ्याने न सुटल्यास दोन पायांचा छोटा पुलर लावावा. त्याचा मधला स्क्रू स्पिंडलच्या टोकावर दाबतो आणि पाय बूड वर उचलतात. बुडाला बेताची ऊब दिल्यासही उपयोग होतो, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ज्योत मात्र काचेजवळ नेऊ नये.

पत्र्यावर पेचकस टेकवून तरफ लावणे हा गॅरेजमधला आवडता आणि सर्वांत महागात पडणारा उपाय. पत्रा चेपतो, रंग उडतो, कधी काचेच्या कडेला तडा जातो. हातोडीचे घाव तर थेट आतल्या बुशांवर व जोडदांड्यांवर बसतात. दांडा हाताने जबरीने फिरवल्यास ल्यूकस पद्धतीत स्पिंडल फिरवणाऱ्या लहान दातेचक्राचे दाते जातात. पुलरची किंमत या दुरुस्त्यांपुढे काहीच नाही.

परत बसवताना दाते तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत. मोटर विसाव्याच्या जागी असल्याची खात्री करून खुणेप्रमाणे दांडा बसवावा. चालक व प्रवासी बाजूचे दांडे अनेक गाड्यांत वेगळे असतात. अदलाबदल झाल्यास ब्लेड एकमेकांत अडकतात. नट बेतानेच आवळावा, अन्यथा मऊ बुडाचे दाते घासले जातात. चाचणी ओल्या काचेवर घ्यावी आणि थोड्या वापरानंतर नट पुन्हा तपासावा.