रोजकीर्द

माझे वडील एका अडत दुकानात दिवाणजी होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वह्यांवर कुंकवाचे स्वस्तिक उमटे, पेढे वाटले जात, आणि आम्हां मुलांचे डोळे पेढ्यांवर खिळलेले असताना वडील मात्र जुनी कीर्द पुन्हा एकदा चाळीत बसत. खतावणीत ज्याचे त्याचे खाते वेगळे. कीर्दीत दिवसभर जे घडले ते घडल्या क्रमाने, ओळीखाली ओळ. ते म्हणत, "खाते मागाहून बघ, आधी कीर्द वाच. चूक शिरते ती तिथूनच."

निवृत्तीनंतर मी मराठी विकिपीडियावर लिहू लागलो, तेव्हा वडिलांचे हे बोल आठवले. कोणीही यावे, लिहावे, दुसऱ्याचे लिहिणे दुरुस्त करावे, असा हा ज्ञानकोश. "मग यात कोणी वाटेल ते लिहीत नाही काय?" असे आमच्या घरीही विचारतात. लिहितात तर! पण तेथेही एक रोजकीर्द आहे. तिचे नाव 'अलीकडील बदल'. कोणत्या लेखात, किती वाजता, कोणी बदल केला, मजकूर किती वाढला वा घटला, हे सारे तेथे ओळीने उमटत असते. 'फरक' या शब्दावर बोट ठेवले की जुना आणि नवा मजकूर शेजारीशेजारी दिसतो. बदल वाईट असेल तर तो परतवता येतो; आणि परतवल्याचीही नोंद राहतेच.

या कल्पनेचा जनक वॉर्ड कनिंगहॅम हा अमेरिकन संगणकतज्ज्ञ. २५ मार्च १९९५ रोजी त्याने पहिली विकी लोकांपुढे ठेवली. होनोलुलूच्या विमानतळावरील 'विकी विकी' नावाच्या बसवरून त्याने हे नाव घेतले; हवाई बेटांच्या भाषेत त्याचा अर्थ 'झटपट'. दाराला कुलूप नव्हते. पण कोण आत येऊन काय करून गेले ते सांगणारे अलीकडच्या बदलांचे पान होते. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया निघाला आणि त्याने हीच रीत उचलली. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडियाही सुरू झाला.

पूर्वी अशी नोंद नसे, तेव्हा काय होई? ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये. नकला होत गेल्या, पाठ बदलत गेले. पण कोणी, केव्हा, काय बदलले ते कोठेच लिहिलेले नव्हते. शेवटी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. जवळजवळ तीनशे वर्षांची झाडलोट एका माणसाच्या वाट्याला आली.

आज तसे नाही. इंग्रजी विकिपीडियावर तर उघड धुडगूस ओळखून परतवणारे यंत्रही आहे. पण पहारा असला म्हणजे पारख असतेच, असे मात्र नव्हे. २६ मे २००५ रोजी कोणीतरी जॉन सीगेनथॅलर या वयोवृद्ध अमेरिकन पत्रकाराच्या लेखात लिहून ठेवले की, केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा संशय होता. वस्तुतः ते रॉबर्ट केनेडींचे एकेकाळचे सहकारी! तीन दिवसांनी एका सदस्याने तो लेख उघडला, 'अर्ली' या शब्दाचे चुकलेले स्पेलिंग सुधारले, आणि तो पुढे गेला. ती बदनामी त्यानंतर चार महिने जशीच्या तशी राहिली. नोव्हेंबरात सीगेनथॅलरांनी वर्तमानपत्रात लेख लिहून ही हकीकत जगापुढे मांडली. आणि डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियाने खाते न उघडलेल्यांना नवे लेख सुरू करण्यास बंदी केली.

ही कथा वाचून मी त्या सदस्याला मनातल्या मनात बराच हसलो होतो. पण तो हक्क मला फार दिवस राहिला नाही.

एका लहानशा गावाच्या लेखात कोणा अनामिकाने जत्रेची तिथी बदलली. संदर्भ नाही, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, एका ओळीत चार चुका. मी म्हटले, पोरखेळ! बदल परतवला. त्याने पुन्हा घातला. मी पुन्हा परतवला. तिसऱ्यांदा तो आला नाही. मीच जिंकलो, अशा समाधानात मी वर्षभर होतो. पुढे त्याच गावच्या जत्रेची छापील पत्रिका एका नातेवाइकाने आणून दिली. तिथी त्या अनामिकाचीच बरोबर होती. बहुधा तो त्याच गावचा असेल. जत्रेत पालखीला खांदाही देत असेल.

इंग्रजीतल्या त्या गृहस्थाने अक्षर सुधारले आणि खोटे ठेवले. मी अक्षर पाहिले आणि खरे फेकून दिले. दोघांनीही कीर्द पाहिली होती. वाचली मात्र नव्हती. इंग्रजीत एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेस येण्याचा संभव अधिक. मराठीत पाहणारे डोळे त्या मानाने फारच थोडे, म्हणून माझी चूक वर्षभर सुखाने नांदली.

मी तिथी दुरुस्त केली आणि बदलाच्या कारणात लिहिले, "आधीच्या संपादकाचे बरोबर होते. चूक माझी." तो पुन्हा लिहायला आल्याचे मला दिसले नाही. तरी रोज सकाळी चहाचा पेला घेऊन मी ती यादी उघडतो. आता अशुद्ध ओळ दिसली, की आधी तिची शहानिशा करतो, आणि लिहिणाऱ्याला दोन शब्द लिहून विचारतो, "हे आपल्याला कोठून कळले?"

यंदाही लक्ष्मीपूजनाला पेढे येतील. त्याआधी मी जुनी कीर्द एकदा चाळणार आहे. न जाणो, आणखी कोणाचे खरे मी खोडून बसलो असेन.