वारापासून मेसपर्यंत

पुण्यात शिकायला आलेल्या गरीब ब्राह्मण मुलाला पूर्वी पोटासाठी दोन वाटा होत्या. एक माधुकरीची: झोळी घेऊन ठरलेल्या घरांपुढे उभं राहायचं, पडेल ते खायचं. दुसरी वाराची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरं मिळाली तर आठवडा निभावला. सहाच मिळाली तर एक दिवस पोटाला चिमटा. वाराच्या घरी सुतक आलं की त्या दिवशीचं जेवण बुडालं. बदल्यात पाणी भरायचं, दळण आणायचं. दुसऱ्यांदा भात मागायचा नाही, हे कुणाला शिकवावं लागत नसे. वाराने जेवून शिकलेल्यांच्या आठवणींत पदार्थांपेक्षा वाढणारीचा चेहराच जास्त ठसलेला दिसतो, यात नवल नाही. खर्च वाचे, पण मिंधेपणा जन्माला पुरे.

आणि ही सोयसुद्धा जातीपुरतीच. कुणब्याच्या किंवा महाराच्या पोराला वार कोण देणार? त्याच्यासाठी वसतिगृहच हवं होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा मुलांचं बोर्डिंग सुरू केलं, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग.

खरा पालट साताऱ्यात झाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये तिथे काढलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. पैशांची चणचण कायमची. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. मुलंही आयती बसत नसत. स्वयंपाक त्यांचा, कष्ट त्यांचे. ताटात वाराच्या घरापेक्षा कमीच पडत असेल, पण ते ताट हक्काचं होतं. काटकसर तीच, जगणं निराळं. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपट्यांच्या पुढाकाराने विद्यार्थी साहाय्यक समिती उभी राहिली, तिथेही मुलांनी कामाचा वाटा उचलायचा हीच रीत.

आता सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ योजनेची रक्कम थेट बँक खात्यात येते. कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही, ही मोठीच गोष्ट. तरी स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याच्या पेठांतल्या खोल्यांत राहणारी, एक डबा दोघांत खाणारी मुलं आजही आहेत. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर त्याला काटकसरीचं कौतुक ऐकवू नका; त्याच्या मेसचे महिन्याचे पैसे गुपचूप भरून टाका.