डान्सबारबंदी (महाराष्ट्र)

उपाहारगृहे, परमिट रूम व बिअर बार यांतील नृत्यावर महाराष्ट्र शासनाने २००५ साली कायद्याने घातलेली बंदी. समानतेचा हक्क (अनुच्छेद १४) आणि व्यवसायस्वातंत्र्य [अनुच्छेद १९(१)(छ)] यांच्या कसोटीवर ती मुंबई उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय या दोन्ही ठिकाणी टिकली नाही.

हा प्रश्न विधानसभेत नेला तो पनवेलने. मुंबई–पुणे आणि मुंबई–गोवा हे रस्ते पनवेलपाशी फुटतात, आणि महामार्गालगत ‘लेडीज बार’ फोफावले होते. पनवेलचे शेतकरी कामगार पक्षाचे आमदार विवेक पाटील यांनी मार्च २००५ मध्ये लक्षवेधी सूचना मांडली. कर्ती मुले पैसा उधळतात, संसार मोडतात, ही घरोघरची तक्रार तिच्यामागे होती आणि ती खोटी नव्हती. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली. विधेयक एकमताने संमत झाले. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये ३३ अ व ३३ ब ही कलमे घालून १४ ऑगस्ट २००५ पासून बंदी अमलात आली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड.

कायद्याचे दुखणे ३३ ब मध्ये होते. तीन तारे व त्यावरील हॉटेले, तसेच केवळ सभासदांना प्रवेश असलेले क्लब व जिमखाने यांना त्याने मोकळे सोडले. नाच तोच, पण गिऱ्हाइकाची ऐपत पाहून एके ठिकाणी तो गुन्हा ठरला, दुसरीकडे करमणूक. मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी बंदी घटनाबाह्य ठरवली. शासन अपिलात गेले, स्थगिती मिळाली आणि बंदी चालूच राहिली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने (सरन्यायाधीश अल्तमस कबीर व न्या. सुरिंदरसिंग निज्जर) उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. पंचाहत्तर हजारांवर स्त्रियांचा रोजगार गेल्याचे न्यायालयापुढे मांडले गेले होते. स्त्रियांची प्रतिष्ठा राखण्यासाठी केलेल्या कायद्याने त्यांच्या पर्यायी रोजगाराची सोय केली नव्हती, आणि मधल्या सात वर्षांची मजुरी त्यांना कोणत्याच निकालाने मिळाली नाही. या सबंध प्रकरणातला हा सर्वांत मोठा अन्याय होय.

२०१४ साली शासनाने सवलतीचे कलम काढून टाकले आणि बंदी सरसकट केली. तिलाही सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये स्थगिती दिली. मग २०१६ चा स्वतंत्र कायदा आला. त्याचा रोख बंदीऐवजी परवान्यावर होता, पण अटी अशा की परवाना मिळणेच दुरापास्त व्हावे. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ जानेवारी २०१९ च्या निकालात (न्या. सिक्री व न्या. भूषण) त्या एकेक तपासल्या गेल्या. शाळा व प्रार्थनास्थळांपासून एक किलोमीटर अंतराची अट रद्द झाली. मुंबईसारख्या शहरात तिचे पालन अशक्यच होते. खासगीपणावर घाला म्हणून सीसीटीव्हीची सक्तीही गेली. नर्तकीला बक्षिसी देता येईल, अंगावर नोटा उधळता येणार नाहीत, असे ठरले. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ कायम राहिली. दरमहा पगाराची सक्ती रद्द झाली, मात्र नर्तकीशी लेखी करार करण्याची आणि तिचा मोबदला तिच्या बँक खात्यात भरण्याची अट न्यायालयाने राखली.